मावळती बघून तिकीट काढा: ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवरची जेवणाची बोट

ॲमस्टरडॅमच्या जेवणाच्या बोटीच्या जाहिरातीत फोटो कायम एकाच जातीचा असतो. काळोख, कमानीच्या पुलांवर दिव्यांच्या माळा, पाण्यात त्यांची प्रतिबिंबं आणि काचेच्या बोटीत वाईनचे ग्लास. फोटो खोटा नसतो, फक्त तो ऑक्टोबर ते मार्चमधला असतो. आपल्याकडची मंडळी जातात मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, आणि मे महिन्याच्या मध्यावर तिथे सूर्य मावळतो रात्री जवळपास साडेनऊला. सहाच्या बोटीत बसलेला माणूस सूपपासून गोडापर्यंत सगळं जेवण उन्हात, डोळ्यांवर हात धरून जेवतो आणि दिवे लागायच्या आत उतरतो.

म्हणून बोटीची कंपनी, जेवणाचा मेनू, सवलत हे सगळं नंतर. आधी घड्याळ.

मावळती कधी आणि बोट कितीची

ॲमस्टरडॅममधल्या सूर्यास्ताच्या वेळा साधारण अशा असतात: एप्रिलच्या मध्यावर रात्री ८.३५, मेच्या मध्यावर ९.२५, २१ जूनच्या आसपास १०.०५, ऑगस्टच्या मध्यावर ९.०५, सप्टेंबरच्या मध्यावर ७.५५, ऑक्टोबरच्या मध्यावर ६.४५. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यावर एकदम ४.४५ आणि डिसेंबरात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुन्हा एक तास पुढे.

हिशोब उलटा करायचा. बोट परत धक्क्याला लागायची वेळ सूर्यास्तानंतर पाऊण ते एक तासाने आली पाहिजे. म्हणजे पहिली दोन पदार्थांची ताटं उजेडात, मुख्य पदार्थ केशरी उन्हात आणि गोड येईतो पुलांवरचे दिवे लागलेले. अडीच तासांची फेरी असेल तर मेच्या मध्यावर पावणेआठ ते आठला निघणारी बोट घ्यावी, ऑगस्टच्या मध्यावर साडेसातची, सप्टेंबरच्या मध्यावर सव्वासहा-साडेसहाची. ऑक्टोबरच्या मध्यानंतर सातची बोट पूर्ण अंधारात जाते. निम्मा उजेड, निम्मा अंधार हवा असेल तर लवकरची बघा.

जूनमध्ये आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हे गणित जमत नाही. तेव्हा दिवे बघायला रात्री अकराच्या पुढे थांबावं लागतं आणि इतक्या उशिरापर्यंत जेवणाची बोट सहसा नसते. त्या दिवसांत जेवण किनाऱ्यावर उरकून उशिराची साधी, तासाभराची फेरी घेतलेली बरी.

हिवाळ्यात अंधाराची चिंता नाही. वर एक फायदा, जो फारसा कुणी सांगत नाही: कालव्यांच्या दोन्ही काठांना एल्म झाडांच्या रांगा आहेत. उन्हाळ्यात त्यांची पालवी घरांचे दर्शनी भाग बऱ्यापैकी झाकते. नोव्हेंबरनंतर पानं गळतात आणि चारशे वर्षांपूर्वीची घरं पायथ्यापासून शिखरापर्यंत उघडी होतात. (एप्रिल-मेमध्ये याच झाडांच्या कागदासारख्या पातळ बिया वाऱ्याने उडत राहतात. उघड्या बोटीत असाल तर ग्लासमध्येही पडतात. कचरा नव्हे, वेटरवर रागावू नका.)

नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत कालव्यांवर प्रकाशशिल्पांचा उत्सव असतो. २०१२ पासून तो भरतो आणि त्यातली शिल्पं पाण्यावरूनच नीट दिसावीत अशी मांडलेली असतात. गर्दी तेवढीच. एकामागे एक बोटींची रांग लागते, फेरी रेंगाळते आणि शनिवार-रविवारची तिकिटं बरीच आधी संपतात.

तीन तारखा मात्र टाळा किंवा समजून घ्या. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस (ती तारीख रविवारी आली तर २६ ला). त्या दिवशी कालवे खासगी बोटींनी तुडुंब भरतात आणि नेहमीच्या फेऱ्या एक तर बंद असतात नाही तर भलत्याच मार्गाने जातात. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी प्राइडची, म्हणजे एलजीबीटी समाजाच्या उत्सवाची, बोटींची मिरवणूक निघते, तेव्हाही तेच. आणि ४ मे रोजी रात्री आठ वाजता सगळा देश युद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो, ट्रामसुद्धा थांबतात. त्या वेळी तुम्ही बोटीत असाल तर ग्लास खाली ठेवा, बोलणं थांबवा, मुलांना आधीच सांगून ठेवा.

कोणत्या प्रकारची बोट

संध्याकाळच्या फेऱ्या ढोबळमानाने चार प्रकारच्या. साधी फेरी एक ते सव्वा तासाची, पंधरा ते पंचवीस युरोंच्या घरात, खाणं नाही. चीज आणि वाईनची फेरी दीड तासाची. पिझ्झाची किंवा बर्गरची फेरीही दीड तासाची, चाळीस-पन्नास युरोंच्या आसपास. आणि खरी जेवणाची फेरी: दोन ते अडीच तास, तीन किंवा चार टप्प्यांचं जेवण, पेयं धरून माणशी ऐंशी ते एकशेतीस युरो.

पैशाचा हिशोब सरळ आहे. साध्या फेरीचे वीस युरो, किनाऱ्यावरच्या बऱ्या हॉटेलात जेवणाचे पस्तीस-चाळीस, दोन ग्लास वाईन किंवा बिअरचे बारा-चौदा. सगळं मिळून सत्तरच्या आसपास. जेवणाच्या बोटीला शंभर धरले तर वरचे तीसेक युरो तुम्ही पाण्यावर टेबल मिळाल्याबद्दल देता. दोघांनी वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस साजरा करायचा असेल तर ते तीस युरो वसूल होतात. पण घरात कुणीच पीत नसेल आणि दोघं-तिघं शाकाहारी असतील तर तुम्ही दुसऱ्यांच्या वाईनचे पैसे भरत असता. अशा कुटुंबाने पिझ्झाची बोट घ्यावी. मार्गरिटा पिझ्झा ओळखीचा, मुलं खातात, दीड तासात फेरी आटोपते. अडीच तास एका खुर्चीत बसणं सात-आठ वर्षांच्या मुलाला शिक्षा वाटते.

गोव्यातल्या मांडवीवरच्या क्रूझसारखं नाचगाणं डोक्यात असेल तर ते काढून टाका. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवर माणसं राहतात, काठावरच्या घरांतही आणि सुमारे अडीच हजार घरबोटींतही. बोटीवर स्पीकर लावून गाणी वाजवायला मनाई आहे. डीजे नाही, अनाउन्समेंटवर शिट्ट्या नाहीत. २०२५ पासून शहरातल्या कालव्यांत प्रवासी बोटींनी धूर सोडायचा नाही असाही नियम आला, त्यामुळे बहुतेक बोटी बॅटरीवर चालतात आणि आवाज येतो तो चमच्यांचाच.

उघडी बोट की काचेची, हा प्रश्न जेवणाच्या फेरीला फारसा येत नाही. जेवण म्हटलं की बोट काचेच्या छताची आणि हिवाळ्यात आतून गरम केलेली. उघड्या छोट्या बोटी चीज-वाईनसाठी असतात. तिथे ब्लँकेट मिळतं, पण त्यातल्या बऱ्याच बोटींवर शौचालय नसतं. बिअर घेणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

तिकीट काढताना

"पेयांसह" या शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ निघतात आणि सगळी भांडणं इथेच होतात. पहिला अर्थ: चढताना स्वागताचा एक ग्लास, पुढचं सगळं विकत. दुसरा: माणशी ठरावीक दोन किंवा तीन पेयं. तिसरा: फेरीभर हवी तेवढी. डच पानावर तिसऱ्याला "ओन्बेपेर्क्त" असा शब्द असतो, म्हणजे अमर्याद. तो शब्द नसेल तर अमर्याद धरू नका. आणि अमर्याद असलं तरी ते बिअर, घरची लाल-पांढरी वाईन, शीतपेयं, चहा-कॉफी एवढ्यापुरतं. व्हिस्की, जिन, कॉकटेल, शॅम्पेन आणि तिथली पारंपरिक येनेव्हर यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात.

मग बसायची जागा. टेबलं साधारणपणे चार जणांची असतात, दोन खुर्च्या काचेला, दोन मधल्या वाटेला. दोघांनी तिकीट काढलं तर समोर दुसरं जोडपं येऊन बसू शकतं. ते नको असेल तर "खासगी टेबल" किंवा "खिडकीची जागा" असा वरचा दर बऱ्याचदा असतो. खिडकीचे पैसे भरावेत. अडीच तास दुसऱ्याच्या खांद्यावरून शहर बघण्यात अर्थ नाही.

पैसे भरताना आपल्या लोकांची अडचण ठरलेली. डच संकेतस्थळावर पहिला पर्याय "आयडील" असतो; तो तिथल्या बँकखात्यासाठी आहे, तो सोडा आणि क्रेडिट कार्ड निवडा. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये आधी बघून घ्या. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, आणि तिथे गेल्यावर तुम्ही स्थानिक सिम घातलेलं असतं. शक्यतो तिकीट भारतातूनच काढा, नाही तर भारतातलं सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत जागं ठेवा.

कंपनीच्या स्वतःच्या पानाऐवजी एखाद्या मध्यस्थाकडून तिकीट काढलं असेल तर ते नीट वाचा. काही वेळा हातात येतं ते तिकीट नसतं, कुपन असतं, आणि ते खिडकीवर देऊन खरं तिकीट घ्यावं लागतं. त्याला वीसेक मिनिटं वेगळी धरा. फेरी रद्द करायची मुदत साधारण २४ तासांची असते, जेवणाच्या बोटीला कधी जास्त.

सर्वांत महत्त्वाची ओळ तिकिटावर बारीक अक्षरांत असते: धक्का. बोटी सुटायच्या मुख्य जागा चार. सेंट्रल स्टेशनच्या समोरचा प्रिन्स हेंड्रिककाडे आणि त्याला लागून दामराक, मध्यावर रोकिन, अॅन फ्रँकच्या घराजवळचा प्रिन्सेनग्राख्त, आणि राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयाकडचा स्टाडहाउडर्सकाडे. एकाच कंपनीचे यातले दोन-तीन धक्के असू शकतात. स्टेशनसमोर उभं राहून राइक्सम्युझियमची बोट शोधणारे लोक रोज दिसतात. दोन्हींच्या मध्ये तीनेक किलोमीटर आहेत, ट्रामने पंधरा-वीस मिनिटं. बोट वेळेवर सुटते आणि सुटलेली बोट कुणासाठी मागे वळत नाही. तिकिटावर धक्क्याला "स्टाइखर" म्हणतात. त्यापुढचा क्रमांक फोनच्या नकाशात आदल्या दिवशीच टाकून ठेवा.

शाकाहाराचं काय

तिकीट काढताना "शाकाहारी" असा चौकोन असतो. त्यावर खूण केली म्हणजे काम झालं असं नाही. बोटीवरचं स्वयंपाकघर म्हणजे चार हात लांबीचा ओटा. तिथे फोडणी घालून कुणी नवीन काही करत नाही. बरेचसे पदार्थ किनाऱ्यावर अर्धे-पूर्ण तयार होऊन येतात आणि बोटीवर गरम करून, सजवून ताटात पडतात. त्यामुळे बोट सुटल्यावर "आम्ही मांस खात नाही" असं सांगून फक्त बटाटे आणि सॅलड मिळतं. किमान दोन-तीन दिवस आधी ईमेल करावा आणि उत्तर फोनवर जपून ठेवावं.

ईमेलमध्ये "शाकाहारी" हा एकच शब्द लिहू नका, पदार्थ लिहा. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही (खात नसाल तर), मांसाचा किंवा माशाचा अर्क घातलेलं सूप नाही, जिलेटिन नाही. हे शेवटचे दोन लोक विसरतात. भाज्यांचं सूप कोंबडीच्या अर्कात शिजवलेलं असू शकतं. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. आणि शेवटी येणारं पन्ना कोट्टा किंवा बाव्हारुआ हे थरथरणारं गोड जिलेटिनने बसवलेलं असतं. चीजचं म्हणाल तर पारंपरिक खाउडा (आपण गौडा म्हणतो ते) वासराच्या जठरातल्या विरजणाने लागतं. ते चालत नसेल तर व्हीगन जेवण मागणं सोपं पडतं. डचमध्ये "वेखनिस्टिस" असं म्हणाल तरी स्वयंपाकघराला लगेच कळतं आणि अंडं, जिलेटिन, चीज हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात सुटतात. कांदा-लसणाशिवायचं जैन जेवण मिळेल अशी आशा धरू नका. त्या मंडळींनी साध्या फेरीचं तिकीट घ्यावं आणि जेवण आम्स्टेलव्हेन भागात करावं. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे आणि हॉटेलंही आहेत.

एक सापळा खास आपल्यासाठी. बिअरबरोबर बशीत गोल, खमंग तळलेले, बटाटावड्यासारखे दिसणारे गोळे येतात. सोबत मोहरीची चटणी. त्यांचं नाव बिटरबालन आणि आत गोमांसाचं किंवा वासराच्या मांसाचं दाट सारण असतं. लांबुळके असतील तर क्रोकेट, आत तेच. शाकाहारी हवं तर "कासस्टेंगल्स" मागा: चीजच्या तळलेल्या काड्या. जिरं घातलेलं चीजही तिथे जुनं आणि लोकप्रिय आहे. ते एकदा चाखून बघाच.

त्या संध्याकाळी

धक्क्यावर सुटायच्या वेळेआधी वीस मिनिटं पोचा. जागा आधीच नेमलेल्या नसतील तर अर्धा तास. रांगेत पुढे असलेल्यांना काचेकडची खुर्ची मिळते, इतकं साधं आहे.

ट्रामला तिकीट काढायची गरज नाही. टॅप होणारं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड चढताना यंत्राला लावायचं आणि उतरताना पुन्हा लावायचं. उतरतानाचं विसरलात तर जास्त पैसे कापले जातात. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही.

कालव्यावरची ठरावीक बोट सुमारे २० मीटर लांब, सव्वाचार मीटर रुंद आणि मुद्दाम बुटकी असते, कारण तिला कमानीखालून जायचं असतं. आत उतरायला तीन-चार अरुंद पायऱ्या, पावसात ओल्या. उंच टाचा घालू नका. गुडघेदुखीवाल्या ज्येष्ठांना खलाशी हात देतो, पण चाकाची खुर्ची सगळ्या बोटींवर चढत नाही. ती आधी लिहून विचारावी लागते. बाबागाडी मिटवून धक्क्यावर किंवा दाराशी ठेवतात.

मूळ पासपोर्ट सोबत असू द्या. नेदरलँड्समध्ये कुठलंही मद्य, बिअरसुद्धा, १८ वर्षांखाली देत नाहीत, आणि पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे वयाचा पुरावा मागायची रीत आहे. बावीस वर्षांच्या मुलीला ओळखपत्र मागितलं तर तो अपमान नव्हे.

जेवणाची चाल संथ असते. बसल्यावर दहा मिनिटांत पहिलं पेय, मग थंड स्टार्टर, मग सूप, पाऊण-एक तासाने मुख्य पदार्थ, शेवटी गोड आणि कॉफी. दोन पदार्थांमध्ये वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि ती जाणारच. ती बाहेर बघायलाच आहेत. आपल्याकडे सगळं एका ताटात येतं, त्यामुळे पहिल्या दोन बशा बघून "एवढंच?" असं वाटतं आणि लोक पावावर ताव मारतात. पाव कमी खा.

बिअरचा ग्लास छोटा, पाव लिटरचा, आणि वर दोन बोटं फेस. कमी भरलाय म्हणून परत पाठवू नका. तिथे फेसाशिवायची बिअर चुकीची ओतलेली समजतात. वाईनचा ग्लास रिकामा दिसला की वेटर विचारतो, पण भरलेल्या बोटीत त्याच्या फेऱ्या मोजक्याच असतात. पुढचं पेय मुख्य पदार्थ टेबलावर येतानाच सांगून टाका. धक्क्याला लागायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पेयं देणं थांबतं. साधं पाणी हवं असेल तर "क्रानवाटर" म्हणा, म्हणजे नळाचं. ते पिण्यासाठी उत्तम असतं. नुसतं "वॉटर" म्हटलं तर बाटली फोडून येते आणि कधीकधी ती बिलात धरतात.

शौचालय संपूर्ण बोटीला बहुधा एकच. गोड संपल्यावर तिथे रांग लागते. मुख्य पदार्थ संपल्याबरोबर जाऊन यावं.

बोट लागते का? कालव्यांत नाही. वेगमर्यादा ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी, आणि पाणी सपाट. स्टेशनच्या मागच्या रुंद पाण्यात, ज्याला आय म्हणतात, बोट गेली तर मोठ्या जहाजांच्या लाटांनी थोडी डुलते. तेवढ्या दहा मिनिटांत लाल वाईनचा ग्लास हातात धरा.

टीप सक्तीची नाही. सेवा आवडली तर पाच ते दहा टक्के पुरे. बोटीवर बरेचदा फक्त कार्ड चालतं, रोख घेत नाहीत.

बाहेर काय बघायचं

जेवणाच्या बोटीवर माहिती सांगणारा आवाज एक तर नसतो नाही तर गप्पांत बुडून जातो. म्हणून थोडं आधीच डोक्यात असलेलं बरं. शहराच्या मध्यातून अर्धवर्तुळात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक चार कालवे जातात: सिंगेल, हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त. ग्राख्त म्हणजेच कालवा. सिंगेल जुना, बाकीचे तीन १६१३ पासून खणायला घेतले. हे सगळं वर्तुळ २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

घरं अरुंद आणि उंच, आणि कित्येक घरं पुढे झुकलेली दिसतात. प्रत्येकाचा पाया खचलाय असं नाही. शिखराजवळ बाहेर आलेला लाकडी वासा आणि त्याला आकडा दिसेल. त्यावरून दोराने सामान वर ओढतात आणि ते भिंतीला घासू नये म्हणून दर्शनी भिंत मुद्दाम पुढे कललेली बांधली. आतले जिने इतके अरुंद की कपाटं आजही खिडकीतूनच आत जातात. शिखरांचे आकार ओळखायचा खेळ मुलांना द्या: पायऱ्यांचं, मानेसारखं उंच, घंटेसारखं.

अंधारात चुकवू नयेत अशा दोन जागा. हेरेनग्राख्तवरून रेखुलियर्सग्राख्तच्या तोंडाशी बोट येते तेव्हा एकामागे एक सात पूल एका ओळीत दिसतात, दिवे लागलेले. हे दृश्य काही सेकंदांचं असतं, तेव्हा ताटातून मान वर असू द्या. दुसरी, आम्स्टेल नदीवरचा माखरे ब्रुख, म्हणजे हडकुळा पूल. पांढरा, लाकडी, मध्ये उघडणारा, आणि रात्री हजाराहून जास्त बल्बांनी रेखलेला.

बोट पूर्वेकडच्या गोदीकडून गेली तर सागरी संग्रहालयाशी जुन्या शिडाच्या जहाजाची मोठी प्रतिकृती उभी दिसेल. मूळ जहाज डच ईस्ट इंडिया कंपनीचं "ॲमस्टरडॅम", १७४९ मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या किनाऱ्याशी रुतलेलं. याच कंपनीची सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार होती. तिच्या भिंती अजून तिथे झाडोऱ्यात उभ्या आहेत.

मार्ग मात्र कुणी लिहून देत नाही. शहराचे जुने धक्के आणि पूल दुरुस्तीला काढले आहेत (२०२० मध्ये ग्रिमबर्गवाल इथे काठाची भिंतच कालव्यात कोसळली होती), त्यामुळे आज हा कालवा बंद, उद्या तो. तुम्हाला हवा असलेला पूल चुकला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी चालत जा. शहराचा मध्यभाग सगळा पायी तासाभराच्या आत आहे.

फोटो

काचेच्या आत दिवे, बाहेर अंधार. फोटोत शहराऐवजी शेजारच्या टेबलावरची मेणबत्ती आणि तुमचाच चेहरा येतो. फ्लॅश बंद. फोनची काच बोटीच्या काचेला टेकवा आणि भोवती काळं जॅकेट किंवा ओढणी धरा. सरकणारी खिडकी असेल तर वेटरला विचारून दोन मिनिटं उघडा. फोनचा रात्रीचा मोड चालत्या बोटीत सगळं फराटलेलं देतो. वळणावर किंवा पुलाआधी बोट जवळजवळ थांबते, तेवढ्यात काढा. आणि काठावरच्या घरांना पडदे नसतात, आत लोक जेवत, टीव्ही बघत बसलेले दिसतात. तिकडे कॅमेरा रोखू नये.

उतरल्यावर

मे महिन्यातही रात्री दहाला तापमान दहा-बारा अंशांवर येतं आणि पाण्यावरून वारा सुटतो. बोटीत उकडलं म्हणून स्वेटर हॉटेलात ठेवून आलेला माणूस ट्रामच्या थांब्यावर कुडकुडतो. पावसासाठी छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं. वाऱ्यात छत्र्या उलट्या होतात आणि कचऱ्याच्या डब्यांत जातात. ट्राम मध्यरात्रीपर्यंत मिळते, पुढे रात्रीच्या बस.

धक्क्याच्या पायऱ्या चढून वर आलं की समोर पदपथासारखा दिसणारा लालसर पट्टा असतो. तो सायकलींचा. रात्री अकरालाही त्यावरून लोक वेगाने येतात, बऱ्याचदा आवाज न करता, आणि दोन ग्लास वाईन घेऊन फोटो बघत उभा राहिलेला पाहुणा त्यांना नेमका तिथेच आडवा येतो. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे बघा, पट्टा ओलांडा आणि बोटीवरच्या जेवणाबद्दल काय ते पलीकडे गेल्यावर बोला.